जागल्याला शंभर टक्के

४ मार्च, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायचं. खाडाखोड करायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं.

आधी परिस्थिती. मशीनचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी आहे. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला. (ताई म्हणते, मी सोडला. मी म्हणतो, तो सुटला.) बाकी सगळं मॅन्युअल वाचून शिकलो. माझ्यावर मॅडम, मॅडमवर साहेब. मॅडम शुक्रवारपासून महिनाभर सुट्टीवर गेल्या, त्यांच्या आईचं ऑपरेशन आहे. जाताना म्हणाल्या, खोक्यांच्या कारखान्यातलं नवं मशीन नीट चाललंय, त्याला हात लावू नकोस. याचा अर्थ, जबाबदारी माझ्यावर.

हे मशीन पुठ्ठा कापतं आणि घडीच्या रेषा पाडतं. त्याच्या पोटात एकच कॉम्प्युटर, पण त्यात दोन बिऱ्हाडं. एक रिअल-टाइमचं: पाती हलवणं, पुठ्ठा सरकवणं. या कामांना डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाही उशीर चालत नाही. दुसरं बिऱ्हाड नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं: स्क्रीन, स्क्रीनवरची बटणं, डिझाइनच्या फायली. प्रोसेसरचा वेळ आधी रिअल-टाइमला, उरेल तो दुसऱ्याला. पहिल्याने किती खावं याची मर्यादा ठरवता येते. मॅडमनी ती ऐंशी टक्के ठेवली होती.

मी शनिवारी शंभर केली. शाळेत मला कधी ऐंशी पडले नाहीत हा भाग वेगळा. पण समोर शंभर असताना ऐंशीवर समाधान मानायचं ही वृत्तीच मला पटत नाही.

शिवाय रिअल-टाइमच्या बिऱ्हाडात माझं स्वतःचं एक टास्क घातलं. नाव 'जागल्या'. बाकीची कामं वेळेवर होतात की नाही यावर त्याचा पहारा. पातं हलत असेपर्यंत तो डोळा मिटत नाही. म्हणजे, थांबायची ओळच मी लिहिलेली नाही. पहारेकरी डुलक्या घ्यायला लागला तर पहारा कसला? त्याचं प्राधान्य पाती-पुठ्ठ्याच्या कामांच्या खालोखाल, बाकी सगळ्यांच्या वर. मॅडम आल्या की दाखवणार. थक्क होतील.

घरासाठीही प्राधान्यक्रम लावून भिंतीवर चिकटवला. ताईने विचारलं, मोरीतल्या गळक्या नळाचा कितवा नंबर? मी म्हटलं, उरलेल्या वेळात. ती म्हणाली, तुझा वेळ उरेपर्यंत आम्हीच उरणार नाही.

५ मार्च, मंगळवार

कारखान्यातून फोन. स्क्रीन गोठतो म्हणे. लगेच गेलो.

मशीनवर एक मावशी आहेत. कारखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणतात. कित्येक वर्षं पॅकिंगला होत्या. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं आणि त्यांचे गुडघे गेलेत. मशीनला खुर्ची आहे. मालकांनी हो-ना करत त्यांना या महिन्याअखेरपर्यंत संधी दिलीय. जमलं तर कायमच्या ऑपरेटर, नाही तर परत पॅकिंगला.

प्रकार असा. मोठ्या खोक्यांची ऑर्डर होती. चुकीचं डिझाइन लागलं हे मावशींच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी स्क्रीनवर 'थांबा' दाबलं. स्क्रीन ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. मशीन मात्र कापतंय ते कापतंय. शेवटी त्यांनी बाजूचं लाल बटण ठोकून वीज तोडली, तोवर पुठ्ठ्याचा ढीग वाया गेला होता. मावशी म्हणाल्या, थांब म्हटलं तर ऐकतच नाही, अगदी माझ्या धाकट्यासारखं.

मी तो वाया गेलेला पुठ्ठा मोजपट्टीने तपासला. चुकीचं डिझाइन अत्यंत अचूक कापलं गेलं होतं. म्हणजे रिअल-टाइम निर्दोष. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

छोटं खोकं लावून चाचणी घेतली. सगळं सुरळीत. मोठ्या खोक्याला सुपरवायझर पुठ्ठा देईनात. मीही फार आग्रह धरला नाही.

६ मार्च, बुधवार

पद्धतशीर तपास. धुळीवर संशय होता, पण पंखा स्वच्छ निघाला. विजेवर होता, ती व्यवस्थित. गरमीवर होता. थर्मामीटर घरी राहिला होता, तेव्हा हाताने बघितलं. गरम नाही.

मग माणूस उरतो.

मावशींचं निरीक्षण केलं. त्या बटण दाबताना बोटाचं टोक लावत नाहीत, अख्खं पेर टेकवतात. आणि स्क्रीनने ऐकलं नाही, की पुन्हा दाबतात. मी सौम्य शब्दांत सुचवलं, की काच नाजूक असते. तर म्हणाल्या, याच बोटांनी दोन पोरांची आणि चार नातवंडांची तान्हेपणी नखं काढलीत मी, कुणाला एवढंसं लागलं नाही, आणि तुमच्या काचेला लागलं होय?

मुद्दा भावनिक होता. नोंदवला नाही.

अहवाल लिहिला: 'स्क्रीनवर वारंवार व जोराने दाब दिल्यामुळे प्रणालीत अडथळा निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्यावर समाधानी आहे. 'नाकारता येत नाही' म्हणजे मी काही म्हटलंच नाही. अहवाल तीनदा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मॅडमना फोन करावा असं वाटलं होतं. पण त्या पहिला प्रश्न विचारतील, की प्रोसेसरवरचा भार किती दिसतोय. तो मी बघितलेला नाही. स्वतःच्या कामाचा मीटर आपणच बघायचा म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं. शिवाय त्यांच्या आईचं ऑपरेशन. त्रास नको.

७ मार्च, गुरुवार

मालकांनी मावशींना पॅकिंगला पाठवलं. अहवाल हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मशीनवर आता एक तरुण मुलगा बसतो. सतत शिट्टी वाजवत असतो, म्हणून त्याचं नाव शिट्टी.

निर्णय मालकांचा आहे. मी फक्त निरीक्षण लिहिलं.

मालक मला 'शास्त्रज्ञ' म्हणायला लागलेत. टोमणा वाटत नाही.

निघताना पॅकिंगच्या टेबलावरून गेलो. खरं तर दार दुसऱ्या बाजूला आहे, पण मावशींची नजर चुकवली असं वाटू नये म्हणून मुद्दाम गेलो. मावशी एक पाय रिकाम्या क्रेटवर ठेवून उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. मीच नजर चुकवली.

११ मार्च, सोमवार. दुपार.

आज ऑफिसात एक किरकोळ बाब आढळली.

कपाटात चाचणीचा एक कंट्रोलर पडून असतो. त्याला पाती नाहीत, पुठ्ठा नाही, त्यामुळे काही वाया जायची भीती नाही. सहज म्हणून मोठ्या खोक्याचं डिझाइन चालवलं. स्क्रीनवरचा बाण गोठला. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. स्क्रीनला कोणी हात लावला नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

जागल्याला बंद केलं. घड्याळ चालू. जागल्याला चालू केलं. घड्याळ बंद. पुन्हा करून बघितलं. निकाल बदलेल म्हणून आणखी पुष्कळदा करून बघितलं.

संध्याकाळी.

नीट लिहितो. पातं हलत असतं तोवर जागल्या प्रोसेसर सोडत नाही. छोट्या खोक्यात रेषा आखूड. पातं सारखं थांबतं, तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिम बिचारी दोन घास खाऊन घेते. मोठ्या खोक्यात रेषा लांबलचक. पातं थांबत नाही, जागल्या उठत नाही, सिस्टिम उपाशी. मावशी 'थांबा' दाबतात तेव्हा ते दाबलेलं ऐकायला तिकडे कोणाला वेळच नसतो. मॅडमची ऐंशीची मर्यादा असती, तर जागल्या कितीही हावरट असला तरी बाकीचे वीस टक्के त्याच्या तोंडातून सुटले असते. ती मर्यादा मी उठवली.

कुंपणानेच शेत खाल्लं. कुंपण मी घातलं होतं. आणि बोट मावशींचं धरलं.

कान तापलेत. जेवताना आईने विचारलं, ताप आहे का? ताईने भिंतीवरचा तक्ता दाखवला आणि म्हणाली, आजारपणाचा कितवा नंबर लावलायस?

उद्या सकाळी पहिलं काम: मालकांना सांगणे.

१२ मार्च, मंगळवार

विचार केला. नुसती चूक सांगणं अपुरं आहे. चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही एकत्र सांगितली, की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तेव्हा आधी दुरुस्ती, मग सांगणे. उद्या.

जागल्याला थांबायची ओळ घातली. एकच ओळ. मर्यादा परत ऐंशी. कंट्रोलरवर मोठं खोकं चालवलं. घड्याळ एक क्षणही मागे पडलं नाही. मॅडमना हे तेव्हाच माहीत होतं आणि मला आत्ता कळलं, एवढाच फरक.

१३ मार्च, बुधवार

कारखान्यात जाऊन दुरुस्ती बसवली. लोक उगाच प्रश्न विचारतील म्हणून बसवताना एका हाताने स्क्रीन फडक्याने पुसत होतो. सुपरवायझरनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, स्वच्छता. खोटं नव्हतं. पुसतच होतो.

शिट्टीने मोठं खोकं लावलं. झकास. 'थांबा' म्हटलं की थांबतं, 'चालू' म्हटलं की चालतं. आता मालकांना सांगायचं, एवढ्यात मालकच आले. मशीन बघितलं आणि म्हणाले, बघितलंस शास्त्रज्ञ, बाई हलवली आणि मशीन कसं सुतासारखं सरळ आलं! तू म्हणालास ते अगदी खरं निघालं.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी गुपचूप मशीन दुरुस्त केलं आणि त्याने मावशींवरचा आरोपच सिद्ध झाला.

मी म्हणालो, हो, आता बरं चाललंय. तोंडातून एवढंच आलं. मावशी पॅकिंगच्या टेबलावर दोरी बांधत होत्या. तिथपर्यंत मालकांचा आवाज जातो. सगळीकडेच जातो.

१४ मार्च, गुरुवार

मालकांनी आमच्या साहेबांना फोन करून माझं कौतुक केलं. साहेब ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, शिकलेल्यांना जे दिसलं नसतं ते याने हेरलं, मशीन नाही, माणूस बघितला. वायरिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई शेजारी सांगून आली. घरी गोड केलं. घशाखाली उतरत नव्हतं. दोनदा घेतलं.

ताई म्हणाली, एवढं मोठं मशीन एका दिवसात सुधारलंस, मोरीतला नळ काय आमच्या नशिबाचा आहे म्हणून गळतोय?

१५ मार्च, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. काचेच्या केबिनचं दार ढकललं. मालक म्हणाले, बोला शास्त्रज्ञ. समोर कोणी पाहुणे बसले होते. पाहुण्यांसमोर असल्या तांत्रिक गोष्टी बोलू नयेत. मी म्हणालो, तुमच्या पुठ्ठ्याचा दर्जा फार चांगला आहे.

मालक खूश झाले. पाहुण्यांना म्हणाले, बघा, जाणकार माणूस.

१८ मार्च, सोमवार

दोन दिवस विचार केला आणि मार्ग सापडला. कोणालाही न दुखवता, आवाज न चढवता, मावशींना न्याय. मार्ग असा: चूक परत घालायची.

कारण साधं आहे. मशीन शिट्टीच्या हाताखालीही गोठलं, की बोटांचा काही संबंध नव्हता हे आपोआप उघड होईल. मावशी सुटतील. मला काही बोलावंही लागणार नाही. सत्य स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येईल. आपण फक्त दार उघडं ठेवायचं.

ताईला कारण न सांगता विचारलं, की सत्य आपोआप बाहेर येतं ना? ती म्हणाली, नळाचं पाणी येतंय ना, तसं. टिपूस टिपूस. तू वॉशर आण.

१९ मार्च, मंगळवार

जागल्याची ओळ काढली. मर्यादा शंभर. हातात फडकं होतंच.

ठरल्याप्रमाणे मोठ्या खोक्याला मशीन गोठलं. शिट्टीने 'थांबा' दाबलं, बडवलं, मग ओरडला. लाल बटणाकडे तो पोचेपर्यंत पुठ्ठ्याचा भलामोठा ढीग झाला, आधीच्या ढिगापेक्षा मोठा. मी शांत उभा होतो. आता सत्य येणार.

मालक आले. ढीग बघितला. शिट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, याला शिकवलं कोणी? सुपरवायझर म्हणाले, मावशींनीच, सुरुवातीचे दोन दिवस पॅकिंगमधून येऊन त्याच बसत होत्या याच्या शेजारी. मालक म्हणाले, मग बरोबर. बाईची खोड याला लागली. वाण नाही पण गुण लागला.

शिट्टीलाही पॅकिंगला पाठवलं. आणि वर मालकांनी जाहीर केलं, यापुढे पॅकिंगमधून कोणालाही वर घ्यायचं नाही. उगाच लाड झाले.

पॅकिंगच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांनी मावशींकडे बघितलं. त्यांच्यात दोघीजणी पुढच्या संधीची वाट बघत होत्या, असं सुपरवायझरनी मला नंतर सहज सांगितलं.

सत्य आलं नाही. दार मी उघडं ठेवलं होतं.

२० मार्च, बुधवार

सकाळी लवकर जाऊन दुरुस्ती परत बसवली. आता मशीनवर स्वतः सुपरवायझर बसतात. उत्तम चालतंय. मालक म्हणतात, शेवटी शिकलेला माणूस तो शिकलेला माणूस.

या मशीनवर मी जे जे करतो त्याने मावशींचंच नुकसान होतं. बिघडवलं तरी, सुधारलं तरी. याची तार्किक मांडणी करायला बसलो. जमली नाही. मांडणी सोपी आहे, ती लिहायला हात धजत नाही.

तारीख वीस. मावशींचा महिना एकतीसला संपतो.

निश्चय: मालकांना नंतर. आधी मावशींना सांगणे. त्याच खऱ्या पीडित. शिवाय त्यांना केबिन नाही.

२१ मार्च, गुरुवार. जेवणाच्या सुट्टीनंतर.

सांगितलं.

मावशी खोक्यांच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होत्या. मी सुरुवातीपासून सुरुवात केली: दोन बिऱ्हाडं, ऐंशी, शंभर, जागल्या. त्यांनी दोरी बांधायची थांबवली नाही. मी थांबलो की म्हणत, हं, पुढे. शेजारी शिट्टी होता. त्याची शिट्टी मध्येच कुठेतरी बंद पडली.

सगळं ऐकून झाल्यावर मावशी म्हणाल्या, म्हणजे तो तुमचा पहारेकरी एकटाच जेवत बसला होता आणि घरातले सगळे उपाशी. मी म्हटलं, बरोबर. म्हणाल्या, आणि मी दार वाजवत होते. मी म्हटलं, हो.

मग म्हणाल्या, परवा मशीन परत अडलं, ते? मी म्हटलं, ते मुद्दाम. तुमच्यासाठी. त्यांनी पहिल्यांदा हात थांबवले. म्हणाल्या, माझ्यासाठी? या पोराची खुर्ची घालवलीत, या बायकांची वाट बंद केलीत, ती माझ्यासाठी? असले उपकार शत्रूवरही करू नका हो, छोटे साहेब.

शिट्टी म्हणाला, तरी म्हटलं, माझी बोटं तर काडीसारखी आहेत.

मी म्हटलं, मावशी, मला माफ करा. तर म्हणाल्या, हे मला कशाला सांगत बसलात? माझं बोट माझ्याजवळच होतं, त्याने काही केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्याला माहीत नाही तो त्या काचेच्या पेटीत बसलाय. आणि पुढचा गठ्ठा ओढून घेतला.

केबिनकडे बघितलं. मालक आत होते. घरी आलो.

२२ मार्च, शुक्रवार

निवेदन लिहिलं. चार पानं. 'तांत्रिक वस्तुस्थिती व त्याबाबत खुलासा'. आकृत्या पट्टीने काढल्या. रिअल-टाइमला निळा रंग, उपाशी राहिलेल्या सिस्टिमला तांबडा. घेऊन कारखान्यात गेलो. मालक जागेवर नव्हते.

होते. काचेतून दिसत होते. खाडाखोड करायची नाही असा नियम असल्यामुळे वरचं वाक्य तसंच राहू देतो.

२४ मार्च, रविवार

दुपारी आईला म्हटलं, ऑफिसात माझा एक मित्र आहे, त्याच्या हातून असं असं झालं, एका बाईंची खुर्ची गेली, त्याने काय करावं? आई पानं वाढत होती. म्हणाली, मित्राला म्हणावं, आधी सांगून ये, मग जेव. मी म्हटलं, आज रविवार आहे, कारखाना बंद. आई म्हणाली, मग मित्राला म्हणावं, आज जेव, पण चव लागणार नाही.

मित्र जेवला. आईचं म्हणणं खरं होतं.

ताई पानं उचलून आत गेली. तिने बोलावं असं आज वाटत होतं.

२५ मार्च, सोमवार

सकाळी थेट केबिनमध्ये. पाहुणे नव्हते. असते तरी सांगणार होतो, असं वाटतं. खात्री नाही.

चार पानं मालकांसमोर ठेवली आणि सुरुवात केली, की कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं असतात. मालक म्हणाले, शास्त्रज्ञ, मुद्द्यावर या. मी म्हणालो, मशीन गोठत होतं ती चूक सॉफ्टवेअरची होती. मालक म्हणाले, सॉफ्टवेअर म्हणजे कोण? नाव आहे की नाही त्याला? काय लिहिलंय हे, कोणी लिहिलं?

मी.

हे मी बोललो. एकच अक्षर. चार पानांत ते कुठेच आलं नव्हतं. तिथे सगळीकडे 'करण्यात आले' होतं.

मग बाकीचंही सांगितलं. दुरुस्त केलं आणि गप्प बसलो हे. परत बिघडवलं हे. शिट्टीचं. फडक्याचं.

मला वाटलं होतं, आता वीज कोसळणार. उभं राहून ऐकायची तयारी केली होती. मालकांनी बशीत चहा ओतला आणि एक घोट घेतला. मग म्हणाले, आता नीट आहे का? मी म्हटलं, हो. म्हणाले, मोठं खोकं चालेल? हो. बाई बसल्या तरी? कोणीही बसलं तरी.

मालकांनी सुपरवायझरना हाक मारली. म्हणाले, बाईंना मशीनवर घे, त्या पोराला दुसऱ्या पाळीत बसव. मी विचारलं, आणि ते पॅकिंगमधून कोणाला वर न घेण्याचं? म्हणाले, ते होय, ते उगाच बोललो होतो रागात. मी विचारलं, मावशींचा महिना? तोंड वाकडं करून म्हणाले, तो आता काय मोजायचा.

चहा पिऊन व्हायच्या आत सगळं संपलं. दोन आठवडे जे मला उचलत नव्हतं, ते त्यांनी बशी सरकवावी तसं सरकवलं. खरोखरच बशी सरकवली. माझ्या चार पानांवर.

मग माझ्यासमोरच आमच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, त्या मॅडम येतील तेव्हाच आता कोणी पाठवा, तोवर या शास्त्रज्ञाला तिकडेच ठेवा. साहेब तिकडून काय म्हणाले ते कळलं नाही. ऑफिसात पोचल्यावर कळलं. मॅडम येईपर्यंत वायरिंगवाल्यांच्या हाताखाली वायरी सोलायच्या. पुढे माझी प्रत्येक ओळ आधी मॅडम वाचणार. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून घेतल्या रे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मधलं एक लिहायचं राहिलं. क्रमाने लिहिणार होतो, पण ते मागेच ठेवत आलो.

केबिनमधून बाहेर आलो तेव्हा मावशी मशीनवर येऊन बसल्या होत्या. गुडघे चोळले, खुर्ची पुढे ओढली आणि मोठं खोकं लावलं. पॅकिंगच्या बायका काम टाकून बघत होत्या. मी ठरवलं होतं, की माफी सगळ्यांसमोर मागायची. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, तर माफीही सगळ्यांसमोर. जाऊन स्क्रीनच्या अगदी शेजारी उभा राहिलो. घसा साफ केला.

मावशींनी अख्खं पेर टेकवून 'थांबा' दाबलं. थांबलं. 'चालू' दाबलं. चाललं. मग मान वर न करता म्हणाल्या, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.

झालो.